ट्रकवरच्या उमेदवारीत सामान किती असावे? बेळगावच्या एका शिकाऊ चालकाचे प्रकरण

पुणे–बंगळूर महामार्ग, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग 48, निपाणीच्या अलीकडे कर्नाटकात शिरतो आणि संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, कित्तूर, धारवाड, हुबळी असा दक्षिणेकडे जातो. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांचे कास्टिंग (धातूचे ओतीव भाग), साखर कारखान्यांची पोती, निपाणीची तंबाखू हा सगळा माल याच रस्त्याने हलतो, त्यामुळे या पट्ट्यातील मराठी तरुणांना ट्रकचा धंदा नवा नाही. मात्र जुन्या काळी मुलगा आधी क्लीनर म्हणून गाडीवर जायचा, काही वर्षे ताडपत्र्या बांधायचा आणि मगच स्टिअरिंगपर्यंत पोहोचायचा. ती वाट आता जवळजवळ बुजली आहे. आज मुलगा परवान्याच्या कागदापासून सुरुवात करतो आणि रस्त्यावरच्या मुक्कामाची सवय नसताना थेट केबिनमध्ये येऊन बसतो. आमच्या यार्डात अशा मुलांना अनुभवी चालकाबरोबर पाठवण्याचे काम माझ्याकडे असते, आणि पुढील प्रकरण त्यांच्यापैकी एकाच्या सामानाचे आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल, पण त्या मुलाचे पहिल्या काही फेऱ्यांतले शिक्षण पुढे सरकले किंवा अडले ते मुख्यतः सामानामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुलगा खानापूर तालुक्यातला, विशी नुकतीच ओलांडलेला. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो; या दोन्ही अटी तो पूर्ण करत होता. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते आणि तो निघाल्यावर 30 दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. स्टिअरिंग हाती घेणे त्याला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर, पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावून आणि शिक्षक शेजारी बसवून, एवढ्यापुरतेच होते. आमच्या गाडीवर तो शेजारच्या सीटवरचे शिक्षण घ्यायला आला होता: दोरखंड आवळणे, टायर ठोकून पाहणे, घाटात कुठला गिअर कधी पडतो ते कानाने ओळखणे, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि ई-वे बिल तपासणे, कारखान्याच्या गेटवर नंबर लावणे आणि या सगळ्यांतून वेळ काढून झोपणे.

गाडी दहा चाकी, काही वर्षे वापरातली, एसी नसलेली. नव्या मोठ्या मालट्रकांना 2025 मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण या मुलांच्या वाट्याला अजून काही वर्षे तरी जुन्याच गाड्या येणार आहेत. चालक निपाणीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. यार्डात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. केबिनमध्ये दोन सीट, मधोमध इंजिनाचा उंचवटा, काचेच्या वर कागदपत्रांचा लहानसा खण आणि सीटमागे एक माणूस जेमतेम पाय पसरून झोपू शकेल अशी फळी. ताडपत्री आणि जादा दोरखंड केबिनच्या टपावर, जॅक-पाने खालच्या टूलबॉक्समध्ये. या जागेत अण्णा महिन्यातले बहुतेक दिवस राहतात, म्हणजे शिकाऊ मुलगा खऱ्या अर्थाने त्यांच्या घरात राहायला येतो.

आणलेले सामान

जुलै महिन्यात तो बेळगावच्या ऑटोनगरमधील आमच्या यार्डात आला तेव्हा त्याच्याबरोबर चाकांची मोठी सूटकेस, पाठीवरची सॅक, सुतळीने बांधलेली आईच्या हातची वाकळ, तांदूळ आणि डाळीची पिशवी, लहान गॅसची शेगडी, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, स्टीलची पाण्याची मोठी बाटली आणि एक स्पीकर होता. सूटकेसमध्ये पाच पँट होत्या, त्यातल्या तीन जीन्सच्या. तेलाची काचेची बाटली होती, इस्त्रीचे शर्ट होते आणि देवघरातली एक तसबीर होती. रेनकोट होता, पण तो सूटकेसच्या तळाशी होता.

हे सामान कुठल्या हिशेबाने बांधले गेले हे समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. परवान्यावर सहा महिन्यांची मुदत लिहिलेली होती आणि घरच्यांनी सामानही सहा महिन्यांचे बांधले. दुसरे असे की आपल्या भागात ‘मुलगा ट्रेनिंगला चालला’ या बोलण्याचा अर्थ ठरलेला आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यांतल्या कित्येक घरांतून कोणी ना कोणी भरती झालेले असते. भरती झालेला मुलगा पेटी घेऊन जातो, कित्येक महिने घराचे तोंड पाहत नाही आणि त्याच्याबरोबर काय द्यायचे हे घरातल्या बायांना पाठ असते. या मुलाच्या आईने ट्रकची केबिन आतून कधी पाहिलेली नव्हती. तिने तिला माहीत असलेल्या ट्रेनिंगचे सामान बांधले. त्यात प्रेम होते, काळजी होती आणि तिच्या माहितीपुरता विचारही होता, म्हणून अशा सामानाला यार्डात कोणी नावे ठेवू लागले की मी त्यांना तिथल्या तिथे थांबवतो.

परंतु आमची गाडी पुण्याकडे जाऊ दे की बंगळूरकडे, परत फिरून बेळगाववरूनच जाते. पुणे इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि बंगळूर पाचशेच्या. माल उतरायला गेटवर दोन रात्री गेल्या तरी चार-पाच दिवसांत चाके पुन्हा बेळगावच्या हद्दीत असतात. महामार्गाच्या जवळजवळ मध्यावर घर असणे ही सीमाभागातल्या चालकांची मोठी सोय आहे, आणि सामान बांधताना तीच विसरली गेली होती.

पहिली फेरी

पहिली फेरी पुण्याजवळच्या भोसरीची होती. लोखंडी पिंजऱ्यांतून भरलेले कास्टिंग, वरून ताडपत्री. काकती मागे टाकून भूतरामनहट्टीच्या पुढे गेले की वंटमुरीचा घाट उतरू लागतो. घाट फार अवघड नाही, रस्ता रुंद आहे, पण भरलेल्या गाडीला उतार तो उतारच. अण्णांनी गिअर आधीच खाली घेतला होता आणि एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे इंजिनाच्याच अडवणुकीवर, गाडी उतरत होती. पुढची गाडी एकाएकी मंदावली म्हणून त्यांना पायब्रेकवर जोर द्यावा लागला, आणि त्या झटक्यासरशी मागच्या फळीवर वाकळीला टेकवून ठेवलेली स्टीलची बाटली सुटली, इंजिनाच्या उंचवट्यावरून घरंगळली आणि अण्णांच्या पायांपाशी जाऊन ब्रेकच्या पॅडलच्या कडेला अडकली.

त्या क्षणी ब्रेक दाबलेला होता, म्हणून बाटली पॅडलच्या बाजूला राहिली. पाय उचलला असता तर पॅडल वर आले असते, बाटली त्याच्याखाली सरकली असती आणि पुढच्या वेळी ब्रेक पूर्ण बसला नसता. मुलगा बाटली काढायला खाली वाकू लागला तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने त्याची छाती मागे रेटली आणि एवढेच म्हणाले, “वाकू नको. बस.” पाय तसाच ठेवून त्यांनी गाडीचा वेग मरू दिला, डावीकडे कडेला घेतली, पार्किंग ब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि मग स्वतः खाली वाकून बाटली काढली. त्यानंतर ती त्यांनी मुलाच्या हातात दिली आणि कुठे ठेवायची ते त्यालाच ठरवायला लावले. त्याने आजूबाजूला पाहिले, पण केबिनमध्ये ती ठेवायला जागा उरली नव्हती. अखेर ती त्याने हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

केबिनमध्ये मोकळे ठेवलेले कुठलेही सामान उतारावर पुढे येते, आणि पुढे चालकाचे पाय असतात. वजनाचा येथे काहीच संबंध नाही. दहा चाकी गाडीला पाच-दहा किलोंचे ओझे ते काय. अडचण जागेची आहे, आणि त्याहून अधिक प्रत्येक वस्तूला बांधलेली, अडवलेली अशी तिची जागा असण्याची आहे. नव्या मुलांना ‘ओझे कमी आणा’ असे सांगितले की ती डब्यातल्या चार भाकऱ्या कमी करतात आणि बाटली तशीच मोकळी ठेवतात, म्हणून हल्ली मी त्यांच्याशी वजनाची भाषा बोलतच नाही.

कराडच्या अलीकडे पावसाचा जोर वाढला आणि मागच्या बाजूला ताडपत्रीचा एक कोपरा फडफडू लागला. कास्टिंगला पाणी लागले की गंज चढतो आणि माल घेणारा कारखाना तक्रार करतो, त्यामुळे थांबणे भाग होते. ताडपत्रीची गाठ कशी मारायची, दोर हुकात अडकवून अंगाच्या भाराने कसा ओढायचा, हे शिकवण्याची यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मुलगा रेनकोट काढू लागला. त्यासाठी आधी फळीवरची वाकळ सरकवावी लागली, तांदळाची पिशवी सीटवर घ्यावी लागली, सूटकेस आडवी करून उघडायला जागा नव्हती म्हणून ती उभीच उघडावी लागली आणि इस्त्रीचे शर्ट खाली आले. रेनकोट हाती येईपर्यंत अण्णांनी प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन मागचे काम उरकले होते. मुलाच्या हाती त्या दिवशी ती गाठ आली नाही. फेरी संपल्यावर झालेल्या बोलण्यात त्याला बाटलीपेक्षा याच गोष्टीची अधिक खंत वाटत होती, आणि ते ऐकून हा मुलगा टिकणार असे मला वाटले.

भोसरीला गेटवर नंबर लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळचा. उन्हाळ्यात अशा रात्री एकजण फळीवर झोपतो आणि दुसरा हौद्यात, ताडपत्रीवर अंथरूण टाकतो. पावसाळ्यात दोघेही केबिनमध्येच अडकतात: एकजण फळीवर, दुसरा दोन सीटांच्या मध्ये फळकूट टाकून. त्या रात्री फळीवर सूटकेस, वाकळ आणि शेगडी होती. ती उचलून टपावर ठेवावी तर पाऊस आणि चोरी दोन्हींची भीती. शेवटी मुलगा सीटवर अंग मुडपून पडला आणि अण्णांनी स्टिअरिंगवर डोके टेकून रात्र काढली.

2025 पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगारांचा 1961 चा कायदा चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालत होता, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायला सांगत होता. पण विश्रांतीला जागा कुठे आहे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. दुसऱ्या दिवशी माल उतरवून, परतीचा माल भरून निघाल्यावर अण्णांनी खंबाटकी चढण्याआधी शिरवळजवळ गाडी लावली आणि फळीवरचे सगळे सामान मुलाच्या सीटवर रचून दोन तास झोप काढली. झोप अनावर झालेली असताना घाट चढायचा नाही हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी पाळला म्हणून मी त्यांच्याबरोबर मुले पाठवतो. तेवढा वेळ मुलगा खाली, पावसात, डिझेल पंपाच्या आडोशाला उभा होता. गाडी उशिरा पोहोचली. मालकांनी त्याबद्दल विचारले तेव्हा मी सांगितले की उशीर झाला तो सामानामुळे, आणि नेमणुकीपूर्वी सामान पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

ताडपत्रीवर मांडलेले सामान

परत आल्यावर यार्डाच्या शेडमध्ये अण्णांनी कोरडी ताडपत्री पसरली आणि मुलाला त्याचे सगळे सामान तिच्यावर मांडायला सांगितले. त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःची पिशवी रिकामी केली. रेक्झिनची, शाळेच्या दप्तराहून थोडी मोठी, तळाला ठिगळ लावलेली अशी ती पिशवी होती. तिच्यातून दोन लुंग्या, दोन बनियन, एक पंचा, टेरिकॉटची एक पँट आणि एक शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, पातळ चादर, दाढीचे सामान, सुईदोरा, गोळ्या-मलमाची डबी, बॅटरी, नायलॉनची दोरी आणि जुन्या वर्तमानपत्रांची घडी निघाली. वर्तमानपत्र कशाला, असे मुलाने विचारले. ओल्या बुटांत कोंबायला, काच पुसायला, भाकरी बांधायला आणि रात्री पाठीला गार लागू लागले तर बनियनच्या आत घालायला, असे उत्तर मिळाले.

प्रत्येक वस्तू उचलून अण्णा दोन प्रश्न विचारत होते: ही रस्त्यात मिळती का, आणि अंधारात हात घातल्यावर लगेच हाताला लागती का. साबण, तेल, बिस्किटे, पाणी हे या महामार्गावर कुठेही मिळते, त्यामुळे ते साठवण्याचे कारण नव्हते. बॅटरी, रेनकोट आणि औषधे मात्र रात्री दोन वाजता आडरानात विकत मिळत नाहीत. या वस्तू पिशवीत हव्यात आणि त्याही वरच्या कप्प्यात. शेगडीचा निर्णय त्यांनी प्रश्नाशिवाय केला. जिथे माणूस झोपतो आणि जिथे काचा बंद असतात तिथे गॅसची टाकी नको, एवढे त्यांनी सांगितले आणि ती बाजूला ठेवली. पुष्कळ चालक शेगडी बाळगतात हे मला माहीत आहे, पैशांच्या दृष्टीने त्यांचे गणितही चुकीचे नाही. पण ती बाळगायची तर केबिनबाहेर, कुलूपबंद पेटीत, आणि शिकाऊ मुलाने मुळीच नाही.

जीन्स गेल्या, कारण जुलैमध्ये खानापूर-बेळगावच्या हवेत भिजलेली जीन्स दोन दिवसांतही वाळत नाही आणि ओल्या कपड्यांची बंद केबिनमध्ये कोंदट घाण सुटते. वाकळ गेली, कारण ती एकदा भिजली की तिला कडक ऊनच लागते. वाकळीवर हात ठेवून मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, “अण्णा, टाकून कसं देऊ?” त्यावर ते म्हणाले, “टाकायचं कुणी सांगितलं? आईनं दिल्यालं टाकत न्हाईत. घराकडं पाठव, दिवाळीनंतर थंडीत आण.” तसबिरीऐवजी तिच्यातल्या देवाचा लहान फोटो पाकिटात ठेवावा असे मुलानेच सुचवले.

दुसरी फेरी

प्रकरण इथेच मिटले असते तर ते लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. पुढची फेरी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीची होती आणि मुलगा या वेळी जवळजवळ रिकाम्या हाताने आला: एक हातपिशवी, अंगावरचे कपडे सोडून एक जोड, पायांत चप्पल. बूट त्याने जागा खातात म्हणून घरी ठेवले होते आणि स्वेटर पावसाळ्यात कशाला म्हणून.

धारवाड-हुबळीनंतर पाऊस विरळ होत जातो आणि चित्रदुर्गाच्या परिसरात तर हवा कोरडी असते; तिथल्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जुलैच्या रात्री तिथे गाडीची काच थोडी उघडी राहिली तरी वारा अंगाला झोंबतो. अंगावरचे कपडे बेळगावात ताडपत्री बांधताना भिजलेले, दुसरा जोड हुबळीत चिखलाने भरलेला, अशा अवस्थेत तो रात्रभर कुडकुडत बसला आणि अण्णांना आपली चादर त्याला द्यावी लागली. जास्त सामान आणले तेव्हा अण्णांची जागा गेली होती. कमी आणले तेव्हा त्यांचे पांघरूण गेले.

खरी अडचण सकाळी आली. हल्ली बऱ्याच कारखान्यांत चालक आणि त्याचा साथीदार यांनाही सुरक्षा बूट, हेल्मेट आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. हेल्मेट आणि जॅकेट गेटवर मिळते. बूट ज्याचे त्याने आणायचे असतात. चप्पल घातलेल्या मुलाला रखवालदाराने बाहेर बसवले आणि अण्णा एकटे आत गेले. माल उतरवताना पिंजरे कुठल्या क्रमाने काढायचे, एका बाजूचे आधी काढले तर गाडी कशी कलते, पोच पावतीवर सही घेताना काय पाहायचे, हे सगळे त्या दिवशी गेटच्या आत झाले आणि ते पाहायचे ज्याने तो बाहेर, रस्त्याच्या कडेला होता. रखवालदाराची यात काही चूक नव्हती. कास्टिंगचा एक नग पायावर पडला तर चप्पल काय करणार? ओल्या ताडपत्रीवर चढतानाही तेच. ज्याच्या पायांत घट्ट बूट नाहीत त्याला मी हौद्यावर चढू देत नाही.

म्हणून हलके सामान म्हणजे थोडे सामान असा सरसकट अर्थ लावणे मला मान्य नाही. बूट जड असतात, जागाही खातात, पण ते प्रवासात पायांत असतात आणि पिशवीत नसतात. रेनकोट टोपीसकट दोन भागांचा, म्हणजे शर्ट-पँटसारखा हवा. लांब अंगरखा चढताना पायांत येतो. कागदपत्रांच्या बाबतीत तर काटकसर करूच नये. परवाना आणि आधार डिजिलॉकरमध्ये दाखवता येतात आणि ते कायद्याने चालते. पण फोनची बॅटरी संपते, फोन पाण्यात पडतो, म्हणून शिकाऊ परवान्याची छापील प्रत, दोन फोटो, रक्तगट आणि घरचे, यार्डाचे, चालकाचे फोन नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत असावा. त्याच पिशवीत थोड्या सुट्ट्या नोटा. अंघोळीच्या आणि संडासाच्या ठिकाणी अजूनही रोख मागतात.

बदलीची पिशवी

या दोन फेऱ्यांनंतर आम्ही जे ठरवले त्याचा आधार बेळगावची जागा हाच होता. मुलाने दोन सारख्या पिशव्या करायच्या, एक गाडीवर आणि एक घरी. गाडी बेळगाववरून जाणार त्याच्या आदल्या दिवशी त्याने घरी फोन करायचा. खानापूरहून रोज शहरात कामाला येणारा त्याचा चुलतभाऊ धुतलेल्या कपड्यांची पिशवी यार्डात आणून ठेवणार आणि मळक्या कपड्यांची घेऊन जाणार. अशाने सामान सहा महिन्यांचे न राहता दोन भेटींमधल्या चार-पाच दिवसांचे झाले. तीन जोड पुरू लागले: एक अंगावर, एक कोरडा, एक वाळत. पिशवी चाकांची नको, कडक नको. दाबली की आकार बदलणारी आणि सीटखाली किंवा फळीच्या पायथ्याशी पट्ट्याने बांधता येणारी हवी.

खाण्याचा प्रश्नही याच व्यवस्थेने सुटला, आणि तो सुटणे गरजेचे होते, कारण आईची काळजी कपड्यांपेक्षा जेवणाची अधिक होती. तांदूळ, डाळ आणि शेगडी यांच्या जागी तिने कडक भाकऱ्या द्यायला सुरुवात केली. आपल्या भागात, विशेषतः पूर्वेकडच्या तालुक्यांत, ज्वारीच्या आणि सज्ज्याच्या, म्हणजे बाजरीच्या, कडक भाकऱ्या घरोघर होतात; पातळ, खरपूस, ओलावा लागू दिला नाही तर कित्येक दिवस टिकणाऱ्या. त्यांची चळत सपाट बसते. बरोबर शेंगांची चटणी, जवसाची चटणी आणि लिंबाचे लोणचे, तेही काचेऐवजी प्लास्टिकच्या फिरकीच्या डब्यांत. दिवसातले एक जेवण खानावळीत गरम घ्यायचे आणि दुसरे पिशवीतून, असा मेळ बसला. हुबळी-दावणगेरेकडच्या खानावळींत भाकरी आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी, मिळतेच, त्यामुळे त्याच्या पोटाचीही आबाळ झाली नाही. दर भेटीला ताजी चळत येत असल्याने आईलाही आपण काही देत आहोत याचे समाधान राहिले. माझ्या मते ही व्यवस्था टिकण्याचे मुख्य कारण तेच होते. कपडे कमी करण्याचा सल्ला घरच्यांनी ऐकला तो भाकरी पोहोचती होऊ लागल्यावर.

पाण्याची बाटलीही बदलली. आता ती चपट्या बाजूची, प्लास्टिकची आहे आणि डाव्या दाराच्या कप्प्यात बसते. तिथून ती सुटली तरी मुलाच्याच पायांशी पडेल. तिसऱ्या फेरीपासून फळी रात्री मोकळी राहू लागली आणि अण्णा झोपू लागले. ताडपत्रीची गाठ मुलगा तिसऱ्या फेरीत कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ शिकला, पाऊस चालू असताना. रेनकोट पिशवीच्या वरच्या कप्प्यात होता आणि तो अण्णांच्या आधी खाली उतरला.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे आणि ती नंतर लगेच दिसली. बंगळूरहून परतीचा माल मिळाला नाही म्हणून गाडी चेन्नईकडे वळली आणि बेळगावची भेट लांबली. कोरडा जोड संपला, भाकऱ्या संपल्या आणि चेन्नईच्या दमट गरमीत टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटू लागला. अण्णांनी एका ढाब्यावर थांबून दोघांचेही कपडे धुऊन घेतले आणि नायलॉनची दोरी हौद्याच्या आत, वाऱ्याच्या दिशेला बांधून ते वाळवले. रिकामी गाडी असली की हे करता येते, भरलेली असली की नाही. आता माल ठरवताना वळण लागण्याची शक्यता दिसली तर मी मुलाला निघण्यापूर्वीच सांगतो आणि तो पिशवीत एक सुती लुंगी, एक बनियन आणि कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी जादा टाकतो.

सूटकेस अजून यार्डाच्या ऑफिसात कपाटावर आहे. नेमणुकीच्या दिवशी सामान ताडपत्रीवर मांडून पाहण्याची पद्धत मालकांनी मान्य केली आहे; त्यासाठी घरच्या एका माणसाला बरोबर बोलवावे आणि त्याला केबिन आतून दाखवावी, ही माझी सूचना अद्याप त्यांच्या विचाराधीन आहे.